नदीत पाणी किती, हे आधी विचारा

दसरा झाला की राज्यभर साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि दिवाळीच्या मागेपुढे गाळप सुरू होते. आमच्या दुसरबीडला ही लगबग कित्येक वर्षांत नाही. जिजामाता सहकारी साखर कारखाना बंद पडला तो पडलाच. तो पुन्हा सुरू व्हावा, निदान दुसरा एखादा उद्योग यावा, असे इथे कुणाला वाटत नाही? आम्हालाही वाटते. म्हणूनच यंदाच्या दिवाळी अंकाची सुरुवात सांडपाण्याने करतो आहोत. सणासुदीला हा विषय कशाला, असे कुणी म्हणेल. पण कारखान्याचे पाणी नदीत उतरल्यावर बोलण्यापेक्षा चिमणी थंड असताना बोललेले बरे.

उसात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणीच असते. रस आटवताना ते सुटते, त्यात यंत्रे धुतलेले, तेलकट, गोडसर पाणी मिसळते. २०१६ च्या केंद्रीय नियमानुसार टनामागे २०० लिटरपेक्षा जास्त सांडपाणी बाहेर सोडता येत नाही. म्हणजे रोज अडीच हजार टन गाळणारा साधा कारखानाही नियमात राहून दिवसाला पाच लाख लिटर सोडू शकतो. ते नदीत सोडायचे तर बीओडी लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत हवा. पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू जितका प्राणवायू खातात, त्याचे हे माप. आसवनीच्या मळीच्या पाण्यात हाच आकडा चाळीस-पन्नास हजारांवर जातो, म्हणून त्याचा थेंबही बाहेर सोडायचा नाही, असा दंडक आहे. तो मोडला की काय होते, हे पंचगंगेकाठच्या शिरोळ तालुक्याला विचारावे. पाणी काळपट-तांबूस होते, आंबूस वास सुटतो, मासे वर येऊन तोंडे उघडी टाकतात आणि दुसऱ्या दिवशी बंधाऱ्याला त्यांचा खच लागतो.

पण आमचे म्हणणे नियम मोडणाऱ्यांबद्दल नाही. नियम पाळणाऱ्याबद्दल आहे.

अशा मापांची वंशावळ इंग्लंडमध्ये सापडते. तिथल्या शाही आयोगाने १९१२ साली बीओडी २० ठरवला, तो या हिशेबाने की सांडपाण्याच्या किमान आठपट स्वच्छ पाणी नदीत वाहते आहे. आपल्या ३० लाही तसाच वाहत्या पाण्याचा आधार लागतो. आता आमची खडकपूर्णा नदी डोळ्यांपुढे आणा. श्रावण-भाद्रपदात ती दोन्ही थड्या भरून जाते, पण पौष-माघात धरणातून पाणी सुटले तर ओलावा, नाही तर वाळू आणि मधूनमधून डोह. गाळपाचा हंगाम नेमका याच महिन्यांतला. आठपट कुठून आणायचे? आंघोळीच्या पाण्याला बीओडी ३ च्या आत लागतो. ३० चे पाणी कोरड्या पात्रात पडले तर ते ३० चेच राहते, आणि कागदोपत्री कारखाना निर्दोष.

गंमत अशी की १९७४ च्या जल अधिनियमाला हे ठाऊक होते. त्याच्या १७ व्या कलमात राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला सांगितले आहे की, एखाद्या विशिष्ट प्रवाहात सोडायच्या सांडपाण्याची मानके ठरवताना, कोरड्या दिवसांत त्या प्रवाहात कमीत कमी किती पाणी मिसळायला मिळते ते पाहा. पन्नास वर्षे हे कलम पुस्तकात आहे. महाराष्ट्र तर त्याआधीच, १९६९ च्या स्वतःच्या कायद्याने, पुढे निघाला होता; १९७० मध्ये मंडळही स्थापन झाले. उद्योग नदीपासून किती लांब असावेत हे सांगणारे नदी नियमन क्षेत्राचे धोरणही आपल्याकडे होते. फेब्रुवारी २०१५ मध्ये ते गुंडाळले. इतर राज्यांत असे बंधन नाही, हे एक कारण दिले गेले. केंद्रीय मंडळाने २०१८ मध्ये देशभरात प्रदूषित नदीपट्टे मोजले ३५१, त्यांत महाराष्ट्राचे ५३, देशात सर्वाधिक. २०२२ मध्ये देशाचा आकडा ३११ वर उतरला, आपला ५५ वर चढला. शेजारच्या पैनगंगेचा मेहकरपासूनचा पट्टाही २०१८ च्या यादीत होता.

शिक्षेची बाजूही सैल होते आहे. जल अधिनियमात घाण सोडणाऱ्याला दीड ते सहा वर्षे कैद होती. २०२४ च्या दुरुस्तीने बऱ्याच गुन्ह्यांना कैदेऐवजी दहा हजार ते पंधरा लाखांचा दंड आणला, सुरुवातीला हिमाचल, राजस्थान आणि केंद्रशासित प्रदेशांपुरता. इतर राज्यांना ठराव करून तो स्वीकारता येतो.

आणि पुरावा? गावकऱ्याने बिस्लेरीच्या बाटलीत भरलेले पाणी कोर्टात चालत नाही. मंडळाच्या अधिकाऱ्याने कारखानदाराला नोटीस देऊन, त्याच्यासमोर नमुन्याचे दोन भाग करून, सील मारून, दोघांच्या सह्या घेऊन ते प्रयोगशाळेला धाडले, तरच तो पुरावा. आपले कार्यालय अकोल्याला. पहाटे सोडलेले पाणी साहेबांची गाडी येईपर्यंत गाव ओलांडून गेलेले असते. ते पुढे येलदरीला, सिद्धेश्वरला पोचते. तिथल्या लोकांना दुसरबीड हे नावही ठाऊक नसेल.

दिवाळी अंक जाहिरातींवर निघतात आणि कारखान्यांच्या पानभर शुभेच्छा कुणाला नको असतात? आम्हालाही चालतील. समृद्धी महामार्ग दारातून गेला, सावरगाव माळला नवनगराची आखणी झाली; उद्योग आज ना उद्या येतील. पर्यावरण मंजुरी लागणारा मोठा प्रकल्प आला की बहुधा जनसुनावणी होते. तिथे नोकऱ्या किती आणि जमिनीला भाव काय, हे विचारायला पुष्कळ लोक उभे राहतील. एकाने तरी एवढेच विचारावे: माघ महिन्यात खडकपूर्णेत किती पाणी वाहते, ते कुणी मोजले, आणि १७ व्या कलमाप्रमाणे तिच्यासाठी वेगळे मानक कोणते ठरवले? सुनावणीचे इतिवृत्त शेवटी मराठीत वाचून दाखवावे लागते. प्रश्न त्यात आला की नाही, हे ऐकल्याशिवाय मंडपातून उठू नये.