गाठोडी पुरे, आता रविवारचे हात द्या

रविवारी सकाळी कसारा लोकलमधून खडवली स्टेशनात उतरणारी मंडळी दोन प्रकारची असतात. काही जण भातसेच्या पाण्यात डुंबायला येतात. दुसऱ्यांच्या हातात पिशव्या असतात. पिशव्यांत जुने कपडे, वह्या, बिस्किटांचे पुडे. कल्याण-डोंबिवलीकडची ही माणसे आसपासच्या पाड्यांवर जातात, वाटप करतात आणि दुपारच्या गाडीने परततात. त्यांच्या मनात खोट नाही. देण्यात आनंद असतो आणि तो त्यांना मिळतोही. प्रश्न आहे तो घेणाऱ्याचा. रांगेत उभे राहून दुसऱ्याने वापरलेला सदरा घेताना कुणाला आनंद होतो का?

गावाला देणे नवे नाही. लावणीला एकमेकांच्या शेतात सावड करायची, कुणाच्या घरी लग्न निघाले की सगळ्या आळीने राबायचे, मयत झाली की न सांगता लाकडे घेऊन जायचे, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या करत आलो. त्याला कुणी दान म्हटले नाही. आज मी तुझ्याकडे, उद्या तू माझ्याकडे, एवढाच हिशेब. त्यामुळे घेणाऱ्याची मान खाली जात नव्हती.

गाडगेबाबांनी हेच दाखवून दिले. गावात शिरले की आधी खराटा घ्यायचा, रस्ते झाडायचे, मग भाकरी, आणि रात्री कीर्तन. फुकटचा घास नाही. त्याच माणसाने लोकांच्या पैशातून पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा उभ्या केल्या आणि घरच्यांसाठी त्यातले काही ठेवले नाही. 1956 साली बाबा गेले. 2000-01 पासून त्यांच्या नावाने शासनाने ग्रामस्वच्छता अभियान चालवले. आपण बक्षिसापुरते गाव झाडले, पुढे खराटा कोपऱ्यात गेला.

मदत कशी लागते, हे आपल्याच भागाने पाहिले आहे. 4 ऑगस्ट 2019 रोजी, तोही रविवारच होता, खडवलीजवळच्या जू-नांदखुरी गावाला भातसेच्या पुराने वेढा घातला. तिथल्या 58 जणांना हवाई दलाच्या हेलिकॉप्टरने बाहेर काढले. पण हेलिकॉप्टर एखाद्याच दिवशी येते. बाकीच्या दिवसांत शेजारीच शेजाऱ्याच्या उपयोगी पडतो.

आता मुद्द्याचे. आपल्याकडे पावसाळ्यात पाणी मावत नाही आणि मार्चनंतर हंडे फिरू लागतात. शेजारच्या शहापूर तालुक्यात भातसा, तानसासारखी धरणे आहेत, तरी उन्हाळ्यात तिथल्या पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. यावर छोटा पण हमखास उपाय आहे, वनराई बंधारा. सिमेंटची रिकामी पोती माती-वाळूने भरायची, तोंडे सुतळीने शिवायची आणि वाहत्या ओढ्यावर विटांसारखे सांधे चुकवून रचायची. पाया रुंद, माथा अरुंद. पैसा फारसा लागत नाही, हात मात्र भरपूर लागतात. पाणी अडले की आजूबाजूच्या विहिरी टिकतात, गुरांची सोय होते, काठावर काकडी-भेंडीचा वाफा होतो.

घोडे अडते ते वेळेपाशी. बंधारा ओढा वाहता असतानाच घालावा लागतो, म्हणजे पाऊस ओसरल्यावर लगेच. नेमके तेव्हाच हळवे भात कापणीला येते, पाठोपाठ निमगरवे, मग गरवे. शेतकरी म्हणतो, भात सोडून पोती भरायला जाऊ कसा? बरोबर आहे त्याचे. सगळे आटपून हात मोकळे होतात, तोवर ओढा आटलेला असतो.

इथेच शहरातल्या पाहुण्यांचे काम आहे. त्यांच्याकडे रविवार आहे, स्टेशन दारात आहे. गाठोड्याऐवजी त्यांनी चार तास द्यावेत. गावानेही नुसते बघत बसू नये. जागा दाखवावी, फावडी-घमेली काढावीत, प्रत्येक घरातून एक माणूस आणि दोन जास्तीच्या भाकऱ्या द्याव्यात. दुपारी सगळ्यांनी ओढ्याकाठी एका पंगतीत बसावे. मग देणारा कोण आणि घेणारा कोण, हे कुणाला ओळखू येणार नाही. खरा आनंद त्यात आहे.

सरपंच आणि ग्रामसेवकांना विनंती आहे. (ग्रामसेवकांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, नाव बदलले तरी काम तेच.) 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ओढ्यांची यादी करा. कृषी खात्याच्या माणसाला बोलावून जागा ठरवा. गावाला काय हवे आणि काय नको, ते फळ्यावर लिहा. कुणी रोख रक्कम दिली तर पावती फाडा आणि पुढच्या सभेत खर्च वाचून दाखवा. हिशेब मिळाला की देणारा पुढच्या वर्षी आपण होऊन येतो.

हा बंधारा पुढच्या पावसात वाहून जातो, दरवर्षी नव्याने घालावा लागतो. त्याच्यावर कुणाच्या नावाची पाटी लागत नाही. पण एप्रिलमध्ये विहिरीत पोहरा बुडाला, की कोणत्या रविवारी कोण आले होते, हे गावाच्या बरोबर लक्षात राहते.