पंगतीचा मान आणि आमचे येणे

आमच्या रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर जगाच्या अर्थकारणाचा विषय निघाला की, कोणी ना कोणी वक्ता उठून हमखास सांगतो : 1944 च्या जुलैत अमेरिकेतील ब्रेटन वुड्स येथे 44 राष्ट्रांनी नाणेनिधी व जागतिक बँक यांची घटना ठरविली, तेव्हा त्या पंगतीस आपल्या रोह्याचे चिंतामणराव देशमुख बसले होते. टाळ्या पडतात. त्या टाळ्यांत आम्हीही आपले हात अनेकदा मिसळले आहेत, हे आधीच कबूल केलेले बरे. देशमुखांचा जन्म रायगडाच्या परिसरातील नाते गावचा, घराणे रोह्याचे. रिझर्व्ह बँकेचे ते पहिले हिंदी गव्हर्नर. अभिमान वाटण्यात गैर काही नाही. परंतु पाट मिळाला एवढे सांगून जे थांबतात, त्यांस आमचा एकच प्रश्न आहे : पानात वाढले काय?

त्या वेळी हिंदुस्थान याचक नव्हता, धनको होता, ही गोष्ट आमचे वक्ते सांगत नाहीत. बहुधा त्यांस ठाऊकच नसते. महायुद्धासाठी ब्रिटनने येथून धान्य, कापड, पोलाद उचलले आणि त्याची किंमत लंडनमध्ये कागदावर स्टर्लिंगच्या रूपाने जमा केली. त्या कागदाच्या तारणावर येथे नोटा छापल्या गेल्या. नोटा वाढल्या, माल घटला, भाव भडकले. आणि 1943 साली बंगालात लक्षावधी माणसे अन्नावाचून मेली. युद्धाअखेरीस ही स्टर्लिंग शिल्लक सुमारे 130 कोटी पौंडांवर गेली. तो आकडा म्हणजे एका दरिद्री देशाने न जेवता केलेली उसनवारी होय.

आता हे येणे मागावयास गेलेले मंडळ पाहा. त्याचे प्रमुख सर जेरेमी रेझमन, म्हणजे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातील इंग्रज अर्थसदस्य! सोबत सर थिओडोर ग्रेगरी हे दुसरे इंग्रज; आणि षण्मुखम् चेट्टी, देशमुख व ए. डी. श्रॉफ हे तिघे हिंदी. धनकोच्या मुखत्यारपणाचे कागद ऋणकोच्या घरच्या माणसाकडे, असा खटला आमच्या अलिबागच्या कोर्टातही कोणी चालू दिला नसता. तरीही या मंडळाने मागणी नेटाने मांडली, हे न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. या शिलकीचा काही भाग तरी निधीमार्फत इतर चलनांत बदलून मिळावा, एवढेच मागणे होते. श्रॉफ यांनी तेथे सुनावले की, बँकेत लाखो डॉलर जमा असूनही टॅक्सीचे भाडे देण्यास खिशात पैसा नाही, अशा माणसासारखी तुम्ही आमची गत करता. ब्रिटनचे उत्तर असे की, हा धनको-ऋणकोंचा आपसांतला मामला आहे. अमेरिकेने त्यास मान डोलाविली. केन्स यांनी देणे सन्मानाने फेडण्याचे गोड शब्द दिले आणि विषय संपला. मागासलेल्या देशांच्या गरजांचा उल्लेख निधीच्या उद्देशात असावा, ही मागणीही ‘सर्व सभासद’ या गुळगुळीत शब्दांत विरघळून गेली.

पुढे 1945 च्या डिसेंबरात अटलांटिकच्या दोन काठांनी आपसांत बसून पावणेचारशे कोटी डॉलरांच्या कर्जाचा करार केला. ब्रिटनच्या धनकोंचे किती येणे लगेच द्यावे, किती हप्त्यांनी द्यावे आणि किती चक्क सोडून द्यावयास लावावे, याची वर्गवारी त्या करारात होती. सर्वांत मोठा धनको त्या खोलीत नव्हता. सूट देण्यास हिंदुस्थानने नकार दिला हे खरे. परंतु 1949 च्या सप्टेंबरात पौंड 4.03 डॉलरांवरून 2.80 वर उतरला, तेव्हा उरलेल्या शिलकीची डॉलरांतील किंमत एका रात्रीत सुमारे तीन-दशांशाने घटली.

यावर आमचे काही मित्र म्हणतात, “ही जुनी उणीदुणी कशाला? आता आपली माणसे आपणच पाठवितो.” मान्य. पण 2025 च्या ऑगस्टातील अमेरिका आणि युरोपीय संघ यांचे संयुक्त निवेदन त्यांनी वाचले आहे काय? युरोपने आयात पोलाद, सिमेंट, खते इत्यादींवर कार्बनची आकारणी योजिली. त्याची पूर्वतयारी 2023 च्या ऑक्टोबरात आणि प्रत्यक्ष अंमल 2026 च्या जानेवारीत सुरू झाला. आमच्या डोलवीसारख्या ठिकाणचे पोलाद तिकडे गेले, तर प्रमाणपत्रे विकत घेणार तिकडचा व्यापारी. पण तो बोजा आपल्या देऊ केलेल्या भावातून वजा केल्यावाचून तो राहील, असे मानणारा अर्थशास्त्री आम्हांस तरी भेटलेला नाही. हा नियम जगाच्या हवेसाठी आहे, असे सांगितले जाते. परंतु त्या निवेदनात अमेरिकेच्या तक्रारीची दखल घेऊन त्यात अधिक लवचीकपणा आणण्याचे युरोपने मान्य केले. दोन काठांचे बोलणे झाले की त्यास जागतिक धोरण म्हणावयाचे, ही जुनी रीत मोडलेली नाही.

दोष केवळ परक्यांचा असता तर आम्ही लेखणी उचलली नसती. 1944 साली त्या तिघा हिंदी प्रतिनिधींच्या पाठीशी हा हिशेब जाणणारी प्रजा किती होती? आणि आज किती आहे? देशमुखांचे आत्मचरित्र 1974 साली निघाले, तेही इंग्रजीत. ज्या प्राध्यापकवर्गाने हा विषय मराठीत आणावयाचा, त्याने नाणेनिधीवर इंग्रजीतून टिपणे उतरवून दिली आणि मराठीत ललितलेख लिहिले. आम्हीही त्याच वर्गातले. ज्या विद्यार्थ्याचा भाऊ डोलवीच्या भट्टीवर पाळी करतो, त्याने गेल्या वर्षी आम्हांस विचारले, “सर, हा कार्बनचा कर नक्की कोण भरणार?” आम्ही इंग्रजी पाठ्यपुस्तकातील आकृती फळ्यावर काढली. तो नम्रपणे वहीत उतरवून घेऊन गेला. त्याला उत्तर मिळाले नव्हते, हे त्याला कळले होते आणि आम्हांसही.