लेखणी कोणाच्या हातीं?

एखाद्या व्यक्तीची हकीकत दुसऱ्यानें सांगितली तर ती एका प्रकारची होते, आणि तिनें स्वतः सांगितली तर निराळ्याच प्रकारची होते. हें साधें तत्त्व कोणीहि नाकबूल करणार नाहीं. असें असतां आपल्या स्त्रियांचा पूर्वेतिहास आपण कोणाच्या तोंडून ऐकतों? बहुधा नाटककाराच्या, चित्रपटकाराच्या आणि अलीकडे दूरचित्रवाणीवरील मालिकांच्या तोंडून. तेवढें पाहिलें म्हणजे आपल्या आज्या-पणज्या कशा जगल्या हें आपणांस कळलें, असें समजून आपण स्वस्थ बसतों. त्या पिढ्यांतील कित्येक स्त्रियांनीं स्वतःच्या हातानें लिहिलेलीं पुस्तकें मात्र ग्रंथालयाच्या कपाटांत धूळ खात पडतात. नाटक-चित्रपट पाहूं नयेत असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु स्त्रीची गोष्ट ऐकतांना लेखणी कोणाच्या हातीं होती, हा प्रश्न प्रत्येकानें विचारावा, आणि जेथें ती तिच्याच हातीं होती तें पुस्तक आधीं वाचावें, असें आम्हांस आग्रहानें सांगावयाचें आहे.

मराठी रंगभूमीचेंच उदाहरण घेऊं. तेथें पुष्कळ वर्षें स्त्रियांच्या भूमिका पुरुष नटच करीत असत. बालगंधर्व हे त्या सर्वांचे मुकुटमणि. त्यांच्या वेशभूषेची धाटणी घरोघरच्या स्त्रिया उचलीत, एवढी त्यांची मोहिनी होती. १९१९ सालीं राम गणेश गडकरी यांचें ‘एकच प्याला’ हें नाटक रंगभूमीवर आलें, आणि त्यांतील सिंधूची भूमिका बालगंधर्वांनीं केली. मद्यपी पतीच्या पायीं संसाराचा सर्वनाश झाला तरी त्याला दोष न देतां शेवटच्या श्वासापर्यंत सोसणारी ही सिंधू पाहून प्रेक्षक ढसढसा रडत. चित्रपटसृष्टीचा आरंभहि असाच झाला. दादासाहेब फाळके यांच्या १९१३ सालच्या ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटांत तारामती झाले ते साळुंके नांवाचे पुरुष नट होते. या कलावंतांच्या गुणांविषयीं कोणासहि शंका नाहीं. पण नीट पाहिलें तर त्या रंगभूमीवर शब्द पुरुषाचे, आवाज पुरुषाचा आणि देहहि पुरुषाचा. आणि स्त्रीनें कसें वागावें, कसें सोसावें, याचा धडा मात्र घरच्या स्त्रीनें तेथून घ्यावयाचा!

याच सुमारास खऱ्या स्त्रिया काय लिहीत होत्या? न्यायमूर्ति रानडे यांच्या पत्नी रमाबाई यांचें ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ हें पुस्तक १९१० सालीं प्रसिद्ध झालें. पति पत्नीला शिकवूं इच्छितो, आणि घरांतील वडील स्त्रियाच त्या शिक्षणाला कडाडून विरोध करतात. या दोहोंच्या कात्रींत सांपडलेल्या अल्पवयी सुनेची स्थिति काय होते, हें त्यांत वाचावें. २०१२ सालीं रमाबाईंच्या जीवनावर ‘उंच माझा झोका’ ही मालिका सुरू झाली व ती लोकप्रियहि झाली. ती ज्यांनीं आवडीनें पाहिली त्यांनीं मूळ पुस्तक अवश्य उघडावें.

लक्ष्मीबाई टिळक यांच्या ‘स्मृतिचित्रें’चा पहिला भाग १९३४ सालीं निघाला. कवि नारायण वामन टिळक यांनीं १८९५ सालीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हां लक्ष्मीबाईंवर जणूं आभाळ कोसळलें. त्या कांहीं वर्षें पतीपासून दूर राहिल्या, आणि पुढें स्वतःच्या विचारानें १९०० सालीं त्यांनींहि बाप्तिस्मा घेतला. एवढा दुःखाचा काळ. तरी पुस्तक वाचतांना वारंवार हंसूं येतें. त्या वडिलांच्या सोवळ्याला हंसतात, पतीच्या लहरी स्वभावाला हंसतात, आणि स्वतःलाहि सोडीत नाहींत. पतीवर त्यांचें निरतिशय प्रेम होतें; त्यांनीं अपुरें ठेवलेलें ‘ख्रिस्तायन’ हें काव्य लक्ष्मीबाईंनींच पुरें केलें. परंतु पतीचे दोष झांकण्याचें कारण त्यांना वाटलें नाहीं. सिंधूला असें कधींच बोलतां आलें नसतें, कारण नाटककाराला तिची सहनशीलता हवी होती. तिचें मत त्याला नको होतें.

यावर कोणी म्हणेल कीं, पुरुषांनींहि स्त्रियांची बाजू मांडली आहेच. तें खरें आहे. गोविंद बल्लाळ देवल यांच्या ‘संगीत शारदा’ या १८९९ सालच्या नाटकानें जरठ-कुमारी विवाहाविरुद्ध लोकमत जागें केलें. १९३७ सालच्या ‘कुंकू’ या प्रभात कंपनीच्या चित्रपटांत शांता आपटे यांनीं रंगविलेली नीरा, फसवून गळ्यांत बांधलेल्या वृद्ध पतीला पति मानण्याचें साफ नाकारते. जे कधीं पुस्तक उघडीत नाहींत त्यांच्यापर्यंत हा विचार अशा कृतींनींच पोंचविला, हें त्यांचें ऋण मान्य केलें पाहिजे. परंतु वकील कितीहि सज्जन असला, तरी पक्षकाराची साक्ष त्यानें देऊन भागत नाहीं.

डॉ. आनंदीबाई जोशी यांची गोष्ट याच दृष्टीनें पाहावी. श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी १९६८ सालीं निघाली, व याच नांवाचा चित्रपट २०१९ सालीं आला. नांवांतच पतिपत्नी जोडीनें उभीं आहेत. आणि हट्टी गोपाळरावांनीं तिला घडविलें, एवढेंच सार पुष्कळजण घरीं घेऊन जातात. पण १८८३ सालीं, अमेरिकेस निघण्यापूर्वीं, सतरा वर्षांच्या आनंदीबाईंनीं बंगालमधील श्रीरामपूर येथें इंग्रजींत जाहीर व्याख्यान दिलें, आणि आपण कां जातों हें स्वतःच्या तोंडानें सांगितलें. या देशाला स्त्री-डॉक्टरांची निकड आहे, आणि आपण हिंदु म्हणून जाऊं व हिंदु म्हणूनच परत येऊं, असें त्यांनीं निर्भयपणें जाहीर केलें. १८८६ सालीं त्या एम्. डी. झाल्या, आणि स्वदेशीं परतल्यावर फेब्रुवारी १८८७ मध्यें अवघ्या एकविसाव्या वर्षीं निवर्तल्या. काशीबाई कानिटकर यांनीं त्यांचें मराठी चरित्र प्रसिद्ध करतांना त्यांच्या पत्रांचा आधार घेतला. तीं पत्रें वाचलीं म्हणजे कोणीतरी घडविलेली बाहुली डोळ्यांपुढून जाते, आणि निश्चय करणारी मुलगी दिसूं लागते.

आतां अगदीं आपल्या जवळचें उदाहरण. अमेरिकन मिशनऱ्यांनीं १८४२ सालीं अहमदनगर, म्हणजे आजचें अहिल्यानगर, येथें सुरू केलेल्या ‘ज्ञानोदय’ पत्रांत १८५५ सालीं एक निबंध प्रसिद्ध झाला. लेखिका मुक्ता ही जोतीराव फुले यांच्या पुण्यांतील शाळेंत शिकणारी, मांग समाजांतील सुमारें चौदा वर्षांची मुलगी होती. मांग व महार लोकांचीं दुःखें तिनें त्यांत मांडलीं. बाळंतपणांत डोक्यावर छप्पर नसलेल्या तिच्या समाजांतील स्त्रियांचे हालहि तिनें लिहिले. मोठमोठ्या बखरकारांना जें दिसलें नाहीं तें तिला दिसलें, कारण तें तिच्या घरींदारीं घडत होतें. शाळेंत शिकलेलीं अक्षरें एवढेंच तिचें भांडवल. पण आज दीडशेंहून अधिक वर्षांनीं विद्वान् लोक तो निबंध अभ्यासतात. विद्यार्थिनींनो, तो लिहितांना ती तुमच्याच वयाची होती, हें विसरूं नका.

पालकांस आमची नम्र विनंति आहे. शाळेंतून घरीं आल्यावर मुलाच्या हातीं पुस्तक आणि मुलीच्या हातीं केरसुणी, ही वांटणी अजून पुष्कळ घरांत चालू आहे. घरकाम कोणी करूं नये असें नव्हे. तें दोघांत वांटून द्यावें, आणि दिवसाकाठीं एक तास मुलीच्या वाचनासाठीं राखून ठेवावा. मुलांनींहि हीं पुस्तकें बायकांचीं म्हणून बाजूला सारूं नयेत. ज्या घरांत आपण वाढलों त्या घराचा अर्धा इतिहास त्यांत आहे, आणि तो न वाचणारा मुलगा आपल्या आईला अर्धीच ओळखतो.

आणखी एक काम या सुटींत प्रत्येकास करतां येईल. आजीजवळ बसा. तिची शाळा कां सुटली, तिचें लग्न कोणीं ठरविलें, तिला काय शिकावयाचें होतें, हें तिला विचारा, आणि ती सांगेल तसें वहींत उतरून घ्या. तिच्या बोलण्यांतील चुका सुधारूं नका, आणि आपल्या पदरचीं सुभाषितेंहि त्यांत घालूं नका. लेखणी तुमच्या हातीं असली तरी शब्द तिचेच राहूं द्या.