मार अंगावर घेणारा



मागच्या महिन्यात मिस्सा संपल्यावर एका ज्येष्ठ गृहस्थांनी मला चर्चच्या आवारात बाजूला घेतलं. म्हणाले, "सर, तुम्ही रात्री कॉम्प्युटरवर मारामारीचे खेळ खेळता असं वर्गातली मुलं सांगत होती. धर्मशिक्षकाला हे शोभतं का?" मी हसून वेळ मारून नेली. पण घरी येईपर्यंत प्रश्न डोक्यात राहिला. शोभतं की नाही ते तुम्ही ठरवा. मला त्या खेळातून एक गोष्ट कळली, आणि ती कळायला फार उशीर झाला, म्हणून लिहितो.

सुरुवात 2020 च्या टाळेबंदीत झाली. बहिणीचा मुलगा कॅनडात शिकायला गेलेला, एका खोलीत एकटा अडकलेला. इकडे बेळगावात चर्चला कुलूप, मिस्सा मोबाइलवर, वर्ग बंद. फोनवर रोज काय बोलणार? जेवलास का, थंडी आहे का, संपलं. एक दिवस तोच म्हणाला, "मामा, बोलण्यापेक्षा आपण खेळू या." त्याने दुरूनच माझ्या जुन्या लॅपटॉपवर खेळ बसवून दिला. आमची रात्र, त्याची सकाळ.

खेळाचं नाव सिटी ऑफ हिरोज. एप्रिल 2004 मध्ये अमेरिकेत सुरू झाला. पॅरागॉन सिटी नावाचं काल्पनिक शहर, आपण त्यातला एक महानायक व्हायचं आणि जगभरातल्या इतर खेळणाऱ्यांबरोबर जास्तीत जास्त आठ जणांचा चमू करून गुंडांशी लढायचं. नोव्हेंबर 2012 च्या शेवटच्या दिवशी कंपनीने तो कायमचा बंद केला. बंद होणार हे कळल्यावर खेळणारी माणसं त्या खोट्या शहरातल्या नगरभवनासमोर मशाली घेऊन जमली होती. खेळ तरी बंद झालाच. पुढे 2019 मध्ये चाहत्यांनी तो आपल्या सर्व्हरवर पुन्हा उभा केला, आणि जानेवारी 2024 मध्ये मूळ कंपनीने त्यातल्या होमकमिंग नावाच्या गटाला रीतसर परवानाही दिला. मी हा परत उठलेला खेळ खेळतो. (पुनरुत्थानावर इथे विनोद करण्याचा मोह मी आवरतो आहे.)

आता मुद्द्याकडे. आपला नायक निवडताना त्याचा प्रकार ठरवावा लागतो. लांबून आग फेकणारा असतो, शत्रूला जागच्या जागी खिळवणारा असतो, साथीदारांच्या जखमा भरणारा असतो. आणि एक असतो टँकर. मला आपला पाण्याचा टँकरच आठवला, एप्रिल-मे मध्ये गल्लीत येतो तो. भाचा म्हणाला, "नाही रे मामा, हा मार खाणारा. तू हाच घे. तुझ्या हाताला वेग नाही, पण चिकाटी आहे." मी घेतला. नाव ठेवलं काळाकातळ.

टँकरचा जीव सगळ्यात दांडगा आणि चिलखत सगळ्यात जाड. मात्र त्याचा फटका काही फार जोरदार नसतो, शत्रू आडवे होतात ते मुख्यतः दुसऱ्यांच्या हातून. टँकरचं काम एकच: सगळ्यांचा राग स्वतःवर ओढून घ्यायचा. त्यासाठी त्याच्याकडे डिवचण्याची शक्ती असते. ती वापरली की शत्रू इतरांना सोडून त्याच्यावर धावून येतात. शिवाय त्याने एकाला मारलं की आजूबाजूचेही त्याच्याकडे वळतात. असे एका वेळी सतरा शत्रू तो अंगावर घेऊ शकतो. अठरावा मात्र मोकळा सुटतो आणि मागच्या कुणाला तरी जाऊन झोंबतो.

पहिले काही दिवस मी फजिती केली. एखादा गुंड पळाला की मी त्याच्या मागे. मी तिकडे लांब, आणि इकडे माझा भाचा व त्याचे मित्र पटापट आडवे होऊन खेळातल्या इस्पितळात पोचलेले. चौथ्या-पाचव्या वेळी तो वैतागला. "मामा, पळणाऱ्याचं तुला काय करायचंय? तू आमच्या आणि त्यांच्या मध्ये उभा राहा. बास."

त्या रात्री झोपण्याआधी मी योहानाच्या शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय काढला. वीस वर्षं शिकवत आलेला भाग. बागेत शिपाई मशाली, हत्यारं घेऊन येतात. येशू लपत नाही, स्वतःहून पुढे होतो. कोणाला शोधता, म्हणून विचारतो. तो मीच, म्हणतो. पुन्हा तेच विचारतो. आणि मग, मी हवा आहे ना, तर या माझ्या माणसांना जाऊ द्या, असं सांगतो. हे वाक्य मी इतक्या वेळा वाचलं होतं, पण त्यातली हालचाल मला कधी दिसली नव्हती. तो शिपाई आणि शिष्य यांच्या मध्ये येऊन उभा राहतो. त्यांची नजर स्वतःवर खेचतो. मागे अकरा माणसं आहेत आणि त्यांना निसटायला वाट मिळते.

इथपर्यंत लिहून थांबलो असतो तर छान प्रवचन झालं असतं. तुम्हीही आमेन म्हणाला असता. पण खेळाने मला पुढचं शिकवलं, आणि ते सोपं नाही.

टँकरची बहुतेक चिलखतं चालू ठेवावी लागतात, आणि ती सतत दम खातात. पडद्यावर जीवाची एक हिरवी पट्टी असते, दमाची एक निळी. नवखा टँकर हिरवीकडे पाहतो. पण निळी पट्टी शून्याला आली की चिलखतं एकदम गळून पडतात, आणि इतका वेळ हलला नव्हता तो कातळ दोन क्षणांत जमिनीवर. एक शक्ती तर अशी होती की तीन मिनिटं कुणी काही वाकडं करू शकत नाही, आणि तीन मिनिटं संपली की जीव आणि दम दोन्ही तळाला. मला आमचा नाताळ आठवला. गोठा, कॅरल, मुलांचं नाटक, आजाऱ्यांच्या भेटी, सगळं मीच करणार म्हणून अंगावर घ्यायचं आणि जानेवारीत दहा दिवस घरच्यांवर खेकसत अंथरुणात पडायचं. त्याला मी इतकी वर्षं सेवा म्हणत होतो. अठरावा शत्रू कुणावर जात होता ते माझ्या पत्नीला विचारा.

चांगला टँकर एकटा टिकत नाही. मागे जखमा भरणारा लागतो, शत्रूंना खिळवणारा लागतो. आपण क्रूसाच्या वाटेवर पाचव्या ठिकाणी गुडघे टेकतो तेव्हा कुरेनेच्या शिमोनाकडे जरा घाईनेच पाहतो. प्रभूच्या खांद्यावरचं ओझंसुद्धा दुसऱ्या कुणीतरी काही पावलं वाहिलं, ही गोष्ट आपण चित्रात ठेवतो आणि धर्मग्रामाच्या कारभारात विसरतो.

आता जे सांगायचं टाळत होतो ते सांगतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातली एक बाई वर्ग संपल्यावर माझ्याकडे आली होती. तिचा मुलगा माझ्याकडे पहिल्या कम्युनियनच्या वर्गात होता. मूल बाहेर खेळायला गेल्यावर तिने सांगितलं की नवरा मारतो. दारू पिऊन मारतो आणि न पिताही मारतो. तिने फार काही मागितलं नाही. "सर, काय करू?" एवढंच. मी काय सांगितलं? प्रत्येकाला आपला क्रूस असतो, म्हणालो. सहन करा, प्रार्थना करा, प्रभू त्याचं मन पालटेल. मी हे मनापासून सांगितलं, आणि स्वतःवर खूषही होतो की बरं सुचलं. तिने मान हलवली आणि गेली. पुढच्या वर्षी ती हाताला प्लास्टर घालून मिस्साला आली होती. नंतर दिसेनाशी झाली.

टाळेबंदीत, काळाकातळ होऊन सतरा गुंडांच्या मधोमध उभा असताना, ती मला आठवली. आणि एकेक करून लक्षात यायला लागलं. मी हा मार निवडला आहे. माझ्या अंगावर चिलखत आहे. माझ्या मागे कुणीतरी आहे, जे माझ्या उभं राहण्याने वाचतंय. कुणीतरी माझ्या जखमा भरतंय. आणि कंटाळा आला की मी लॅपटॉप मिटून झोपू शकतो. तिच्याकडे यातलं काय होतं? तिने मार खाल्ल्यामुळे कोण वाचत होतं? मूल? ते तर दाराआडून बघत होतं. तिला मी टँकर व्हायला सांगितलं आणि चमू दिला नाही. खरं तर त्या घरात मध्ये उभं राहायला कुणी हवं होतं तर ते आम्ही: मी, फादर, तिच्या गल्लीतली आमची माणसं. धर्मशिक्षकाच्या अंगावर चार शिव्या आल्या असत्या, फार तर एक फटका. मी मागे उभा राहिलो आणि तिला पुढे केलं.

आपल्याकडे 'सहन करा' हे दोन शब्द फार स्वस्त झाले आहेत, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि ते बहुधा आधीच मार खाणाऱ्यालाच ऐकवले जातात, मारणाऱ्याला नाही. शुभवर्तमान तसं सांगत नाही. नासरेथच्या लोकांनी कड्यावरून ढकलायला नेलं तेव्हा येशू त्यांच्यामधून निघून गेला. मंदिरात दगड उचलले तेव्हा तो लपून बाहेर पडला. शिष्यांना त्याने सांगून ठेवलं होतं की एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावी पळा. आणि प्रमुख याजकासमोर शिपायाने थोबाडीत मारली तेव्हा त्याने, मी चूक बोललो असेन तर दाखव, नाहीतर का मारतोस, असा सरळ जाब विचारला. ज्या वेळी तो थांबला, त्या वेळी तो स्वतःहून थांबला आणि कुणासाठी तरी थांबला. बाकीच्या वेळी निघून गेला. हा फरक मी वर्गात कधी सांगितलाच नव्हता.

कुणी म्हणेल, विवाह हा संस्कार आहे, घर मोडायला शिकवता का? चर्चचा स्वतःचा कायदा वाचा. कॅनन 1153 म्हणतो की जोडीदारामुळे शरीराला किंवा मनाला गंभीर धोका असेल, स्वतःच्या किंवा मुलांच्या, तर वेगळं राहायला ते रास्त कारण आहे. पोप फ्रान्सिस यांनी 2016 च्या 'आमोरिस लेटिशिया' या पत्रात, परिच्छेद 241 मध्ये, त्यापुढे जाऊन लिहिलं आहे की दुबळ्या जोडीदाराला आणि लहान मुलांना हिंसेपासून वाचवायला वेगळं होणं कधीकधी नैतिकदृष्ट्या आवश्यकही ठरतं. देशाचा कायदाही आहे: घरगुती हिंसाचारापासून स्त्रियांचं संरक्षण करणारा 2005 चा कायदा ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे. त्याखाली मारणाऱ्याला रोखणारा आदेश मिळतो, राहत्या घरातून तिला हुसकावता येत नाही. ती माझ्याकडे आली तेव्हा हा कायदा होता. 181 हा महिलांसाठीचा मदतीचा क्रमांक आता वर्गाच्या फळ्यावर कोपऱ्यात लिहिलेला असतो. एका पालकाने तो पुसायला सांगितलं. मी पुसला नाही.

गेल्या वर्षी तिचा फोन नंबर मिळवला. ती आता दुसऱ्या गावात भावाजवळ राहते, शिवणकाम करते, मुलगा आयटीआयला आहे. मी माफी मागितली. बराच वेळ पलीकडून काही आवाज आला नाही, मला वाटलं फोन कटला. मग ती म्हणाली, "सर, तुमचं वाईट वाटलं होतं खरं. तुम्ही शिकलेले, तुम्हाला काहीतरी माहीत असेल वाटलं होतं." मी गप्प. मग तिनेच विचारलं, "आता वर्गात मुलींना काय सांगता?" मी सांगितलं, वर लिहिलं तेच, थोडक्यात. ती ऐकत होती. मग म्हणाली, "आणि मुलग्यांना?"

त्याचं उत्तर मला त्या दिवशी देता आलं नाही. जूनमध्ये नवा वर्ग सुरू होतोय, त्यात चौदा मुलगे आहेत. भाचा म्हणतो, त्यांना आधी मध्ये कुठे उभं राहायचं ते शिकव.