शस्त्र कोणाच्या हाती?

कोठे अत्याचार घडल्याची वार्ता आली की आपल्या तरुणांच्या तोंडून एक उद्गार हटकून निघतो : ‘आपल्या हाती हत्यार असते तर कोणाची छाती झाली नसती!’ या उद्गाराचेच पुढे तत्त्वज्ञान बनते. प्रजा सशस्त्र असली म्हणजे सरकार वचकून राहते, निःशस्त्र प्रजेवर हवा तो जुलूम करता येतो, म्हणून प्रत्येक नागरिकास शस्त्र बाळगण्याचा हक्क असावा, असे ते तत्त्वज्ञान आहे. संतापाच्या भरात हे पटते. परंतु संताप शांत झाल्यावरही जे पटते तेच खरे मत. म्हणून या मताची परीक्षा आपण आपल्याच इतिहासावर, आणि शक्यतो आपल्याच नाशिक जिल्ह्याच्या मातीवर, करून पाहू.

प्रथम एक गोष्ट प्रांजळपणे मान्य केली पाहिजे. शस्त्रबंदीचे दुःख आपल्याइतके कोणासही ठाऊक नाही. लॉर्ड लिटनच्या सरकारने १८७८ मध्ये शस्त्रांचा कायदा केला, हिंदी माणसास परवान्याचे बंधन घातले आणि युरोपियनास त्यातून मोकळे ठेवले. हा अपमान सर्व देशास झोंबला. पण हा काही या देशातील शस्त्रबंदीचा पहिला कायदा नव्हता. पहिला कायदा चातुर्वर्ण्याचा. हिंदुस्थानात खालच्या वर्गांनी बंड का केले नाही, या प्रश्नाचे उत्तर देताना पूज्य बाबासाहेबांनी १९३६ मध्ये ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या प्रबंधात हेच दाखवून दिले, की ज्यांना शस्त्र, विद्या आणि संपत्ती या तिन्हींपासून तोडले होते त्यांना उठावाचे साधनच उरले नव्हते.

राज्यकर्त्यांना गरज पडली तेव्हा आमच्या हाती शस्त्र आले. १८१८ मध्ये कोरेगावच्या रणात महार शिपाई लढले. तेथील स्तंभ त्याची साक्ष देतो. गरज सरताच १८९० नंतरच्या काही वर्षांत लष्कराची दारे महारांस बंद झाली. ती उघडावीत म्हणून गोपाळबाबा वलंगकर झटले, १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी विलायतेपर्यंत अर्ज धाडला. आणि महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ साली. यातून मिळणारा धडा नीट ध्यानात घ्यावा. जे शस्त्र मेहेरबानीने मिळते ते मेहेरबानी सरताच काढून घेतले जाते. म्हणजे प्रश्न नुसत्या शस्त्राचा नाही. ते देण्याघेण्याची सत्ता कोणाची, हा प्रश्न आहे.

आता नाशिककडे वळू. सशस्त्र प्रजेने सरकारास धाक घातल्याचे दोन प्रयोग या जिल्ह्यात होऊन गेले आहेत.

पहिला भागोजी नाईक यांचा. पूर्वी पोलिसात नोकरी केलेल्या या भिल्ल नायकाने १८५७ मध्ये आपली माणसे जमवून इंग्रजी सत्तेस आव्हान दिले. ४ ऑक्टोबर रोजी नांदूर शिंगोटे येथील चकमकीत पोलीस अधिकारी हेन्री ठार झाला. पराक्रमात उणे काहीच नव्हते. पण सरकारने काय केले? ते दबले नाही. त्याने डोंगरातील कोळ्यांचेच एक पथक कॅप्टन नटॉलच्या हाताखाली उभे केले आणि भिल्लांच्या पाठीवर सोडले. गरिबाच्या विरुद्ध गरिबाच्याच हाती बंदूक देण्यात आली! दोन वर्षे झुंज चालली आणि नोव्हेंबर १८५९ मध्ये सिन्नर तालुक्यातील मिठसागर येथे भागोजी नाईक पडले. त्यांच्या शौर्यास आम्ही वंदन करतो. मात्र त्या शौर्याने भिल्लांवरचा सरकारी अंमल सैल झाला असे इतिहास सांगत नाही.

दुसरा प्रयोग २१ डिसेंबर १९०९ चा. नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. पिस्तुले विलायतेहून गुप्तपणे आलेली होती. १९ एप्रिल १९१० रोजी कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले. नाशिक कटाच्या खटल्यात अनेकांच्या नशिबी काळकोठडी आली. त्या तरुणांच्या त्यागाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण एक कलेक्टर गेला, दुसरा आला. कलेक्टरची खुर्ची रिकामी राहिली नाही आणि कायदा अधिक कठोर झाला.

याच नाशकात तिसरा प्रयोग झाला, तो निःशस्त्रांचा. मार्च १९३० मध्ये काळाराम मंदिराच्या चारही दारांपुढे १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया यांची पहिली तुकडी बसली. पुढे सशस्त्र पोलीस होते, आत सनातनी होते. ९ एप्रिलला रथ ओढण्याचा करार मोडून स्पृश्यांनी रथ पळविला आणि सत्याग्रहींवर दगडांचा वर्षाव केला. त्यानंतर खेडोपाडी बहिष्कार पडला. या लढ्याने मंदिराचे दार उघडले काय? नाही उघडले. मंदिरप्रवेशाचा कायदा मुंबई प्रांतात १९४७ साली झाला. मग निःशस्त्र लढाही हरला, असे कोणी म्हणेल. पण त्याने विचार करावा. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली नाशिक जिल्ह्यात जी संघटना उभी राहिली ती याच पाच वर्षांत. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात बाबासाहेबांनी जी घोषणा केली, ती ऐकून पाय रोवून उभे राहणारे लोक याच लढ्याने घडविले होते. दार उघडले नाही, माणूस मात्र उघड्या डोळ्यांचा झाला. पुढे १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले तेव्हा लोकांनी सरकारी तुरुंग भरून टाकले. बंदूक घेऊन आलेल्यास गोळी घालणे सरकारास सोपे असते. तुरुंगाच्या दारी रांग लावून उभ्या राहिलेल्या हजारोंचे काय करावे, हे त्यास सुचत नाही.

पण यावर आमचा तरुण विचारील : हे ठीक आहे, परंतु सरकार नुसता तुरुंग दाखवीत नाही, ते गोळीही घालते. त्याचे म्हणणे खरे आहे. ११ जुलै १९९७ रोजी मुंबईच्या रमाबाई आंबेडकर नगरात, बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली म्हणून जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला आणि १० माणसे मारली. सरकारी जुलमाचे याहून उघड उदाहरण कोणते? त्या दिवशी वस्तीत बंदुका असत्या तर पोलीस थबकले असते काय? आमचे उत्तर स्पष्ट आहे : दहांच्या जागी शंभर मेले असते, आणि त्या शंभरांना न्यायाची आशाही राहिली नसती. जमाव टँकर पेटविणार होता, म्हणून गोळीबार केला, असा बचाव पोलिसांनी केला. न्यायमूर्ती गुंडेवार यांच्या चौकशी आयोगापुढे तो टिकला नाही. गोळीबार अनावश्यक ठरला, आणि तुकडीच्या अधिकाऱ्यास २००९ मध्ये सत्र न्यायालयाने जन्मठेप सुनावली. हे का होऊ शकले? मेलेल्यांचे हात रिकामे होते म्हणून! एका घरातून जरी एक गोळी सुटली असती तरी सरकारचा खोटा बचाव खरा झाला असता. पुढे न्याय पुरता झाला असे आम्ही म्हणत नाही; शिक्षेनंतर तो अधिकारी जामिनावर सुटला, हेही आपण पाहिले. पण अपुऱ्या न्यायासाठी भांडता येते. स्वतःच्या हाताने पुसून टाकलेल्या पुराव्यासाठी भांडता येत नाही.

आणखी एक गोष्ट हे तत्त्वज्ञान सांगणारे विसरतात. ते सरकार आणि नागरिक असे दोनच पक्ष धरतात. आमच्या जीवनात तिसरा पक्ष आहे, तो गाव. आमच्यावर जुलूम प्रथम गावाने केला. सरकारने पुष्कळदा तो नुसता पाहिला. उद्या प्रत्येकास शस्त्राचा हक्क मिळाला तर पहिली बंदूक कोण विकत घेईल? ज्याच्यापाशी जमीन, पैसा आणि पोलीस पाटलाशी ओळख आहे तो. बिहारात जमीनदारांच्या रणवीर सेनेने १ डिसेंबर १९९७ रोजी लक्ष्मणपूर बाथे येथे ५८ माणसे कापून काढली. तेही ‘सशस्त्र नागरिक’च होते! त्यांच्या शस्त्रांनी कोणत्या सरकारास धाक बसला? धाक बसला तो मजुरी मागणाऱ्या भूमिहीनांस.

अमेरिकेचे उदाहरण वारंवार दिले जाते. तेथील राज्यघटनेत शस्त्राचा हक्क १७९१ पासून आहे. पण तो हक्क असताना निग्रो माणूस गुलामच होता. गुलामगिरी उठल्यावर दक्षिणेतील राज्यांनी त्याच्या हातून शस्त्र काढून घेणारे कायदे केले. १९६७ मध्ये ब्लॅक पँथर संघटनेचे तरुण बंदुका घेऊन कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळात गेले, तेव्हा त्या राज्याने काय केले? उघडपणे भरलेली बंदूक बाळगण्यास बंदी घालणारा कायदा त्याच वर्षी मंजूर केला! हक्क सर्वांचा म्हणून लिहिला होता. दुबळ्याने तो वापरताच तो आखडला गेला. १९७२ मध्ये मुंबईत आमच्या तरुणांनी पँथर हे नाव घेतले; बंदूक मात्र घेतली नाही. त्यांनी लेखणी, मोर्चा आणि सभा ही हत्यारे घेतली, आणि त्यांनीही सरकार हादरले.

या प्रश्नावर बाबासाहेबांनी काय भूमिका घेतली, हे पुष्कळांस माहीत नसते. काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावात शस्त्र बाळगण्याचा हक्क होता. त्या आधारे डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ह. वि. कामत यांनी हा हक्क मूलभूत हक्कांत घालावा अशी सूचना आणली. बाबासाहेबांनी तिला विरोध केला. ज्याला वाटेल त्याने बाजारात जाऊन शस्त्र विकत घ्यावे, अशी मोकळीक दिली तर राज्यकारभार चालणार कसा, असा त्यांचा प्रश्न होता. आणि आग्रह धरावयाचा तर शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा नव्हे, देशासाठी ते धरण्याच्या कर्तव्याचा धरावा, असे त्यांनी सांगितले. सभेने कामतांची सूचना स्वीकारली नाही. ज्याच्या पूर्वजांचे शस्त्र धर्माने हिरावले होते, ज्याचे वडील लष्करात सुभेदार होते, त्या पुरुषाचे हे मत आहे. ते भेकडपणाचे असू शकत नाही.

तथागताची अहिंसाही भेकडाची अहिंसा नव्हे. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत बाबासाहेबांनी आपल्या धम्मग्रंथात भेद केला आहे. घरात शिरलेल्या मारेकऱ्यापासून लेकराचे रक्षण करणे हा अधर्म नव्हे. स्वसंरक्षणाचा अधिकार फौजदारी कायद्यानेही मान्य केला आहे. मग दुबळ्याने करावे काय?

त्याने कायद्याची पाने उलटावीत. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा, आणि त्याखालील नियम १९९५ चे. त्यातील तिसरा नियम किती कार्यकर्त्यांनी वाचला आहे? अत्याचाराचा धोका असलेल्या भागात अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या लोकांचे शस्त्रपरवाने रद्द करून ती शस्त्रे सरकारी कोठारात जमा करून घ्यावीत, बेकायदा बंदुका जप्त कराव्यात, आणि आवश्यक वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांस संरक्षणासाठी परवाने द्यावेत, असे तो नियम सांगतो. म्हणजे आमच्या हाती हत्यार असावे काय, या प्रश्नाचे उत्तर कायद्याने देऊन ठेवले आहे. आणि त्या उत्तराचा क्रमही शहाणपणाचा आहे. आधी बलवानाचे शस्त्र काढा, मग जेथे जिवाला धोका आहे तेथे दुबळ्यास द्या. सर्वांस शस्त्र देणे ही समता नव्हे. ज्याच्या पायाखाली जमीन आणि पाठीशी जात आहे, त्याच्या हाती बंदूक देऊन भूमिहीनास ‘तूही घे’ म्हणणे, ही थट्टा आहे.

याच नियमांनी जिल्हाधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली जिल्हा दक्षता समिती नेमली आहे. तिची बैठक तीन महिन्यांतून एकदा तरी झाली पाहिजे. नाशिकच्या प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्यांनी पुढील प्रश्न लेखी विचारावेत : बैठक केव्हा झाली? तिसऱ्या नियमाखाली किती परवाने रद्द झाले? संरक्षण मागणाऱ्या किती कुटुंबांना उत्तर मिळाले? माहितीचा अधिकार २००५ पासून हाती आहे. अधिकारी बंदुकीस भीत नाही, कारण बंदुकीचा बंदोबस्त त्याला येतो. तो भितो ते तारीख घातलेल्या आणि पोच घेतलेल्या कागदास.

सोनईच्या तीन तरुणांची हत्या १ जानेवारी २०१३ रोजी झाली. तो खटला नाशिकच्या न्यायालयात चालला आणि जानेवारी २०१८ मध्ये सहा जणांना शिक्षा झाली. पाच वर्षे लागली. ती का लागली, हे विचारण्याचा आम्हास हक्क आहे. पण साक्षीदार टिकले म्हणून शिक्षा झाली, हेही विसरू नये. साक्षीदाराचे रक्षण करणारी, त्याच्या घरी धान्य पोचविणारी, तारखेला त्याच्याबरोबर उभी राहणारी संघटना ही आपली खरी फौज आहे.

ज्यांना शस्त्राची ओढ आहे त्यांनी सैन्यात जावे, पोलिसात जावे, अधिकारी व्हावे. ज्या सत्तेने आमच्या आजोबांचे शस्त्र काढून घेतले, त्या सत्तेच्या खुर्चीवर नातवाने बसावे. काळाराम मंदिरापुढे बसलेल्या त्या २५ स्त्रियांच्या हाती काठीही नव्हती. तरी चारही दारे आतून बंद करून बसण्याची पाळी कोणावर आली, हे नाशिकने पाहिले आहे.