मोजण्याची लाज

लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या आजारांना मराठीत ‘गुप्तरोग’ म्हणण्याची जुनी रीत आहे. हा शब्द लाजेतून घडला. पण क्लॅमिडिया या जिवाणूसंसर्गाला तो वेगळ्याच अर्थाने लागू पडतो. संसर्ग झालेल्या बहुतेक स्त्रियांना आणि जवळपास निम्म्या पुरुषांना काहीही लक्षण जाणवत नाही. हा रोग रोग्यापासूनच गुप्त असतो. प्रतिजैविकांनी तो बरा होतो; उपचार झाला नाही, तर काही स्त्रियांच्या बीजवाहिन्यांना इजा होऊन वंध्यत्व किंवा गर्भाशयाबाहेरची गर्भधारणा वाट्याला येते.

अशा रोगाचे एखाद्या देशातील प्रमाण किती, हा प्रश्न डॉक्टरांवर सोपवून साहित्याचे अभ्यासक मोकळे होतात. माझे म्हणणे असे, की हा वाचनाचाही प्रश्न आहे, आणि वाचन हाच व्यवसाय असलेले आपण त्यात दोनदा नापास होतो.

पहिले चुकीचे वाचन नीतिवाद्यांचे. इंग्लंडमध्ये २००३ साली पंचविशीच्या आतील तरुणांसाठी राष्ट्रीय क्लॅमिडिया तपासणी कार्यक्रम सुरू झाला. तपासण्या वाढल्या, तशी निदानेही वाढली. वाढता आकडा दिसला की ‘तरुण पिढी बहकली’ ही कथा तयारच असते. आकड्याने फक्त तिच्या शेवटी सही करायची. वास्तविक निदानांची संख्या ही संसर्गाइतकीच तपासणीचीही संख्या असते. म्हणूनच २०१३ पासून तिथल्या आरोग्य यंत्रणेने स्थानिक प्रशासनांपुढे उद्दिष्ट ठेवले होते ते १५ ते २४ वयोगटात दर लाखामागे किमान २,३०० निदानांचे. म्हणजे वृत्तपत्राचा वाचक ज्या आकड्याने हादरतो, तो मोठा असणे हेच यंत्रणेच्या लेखी चांगले काम होते. उलट २०२० साली कोविडच्या काळात तपासण्या घटल्या आणि निदानेही घटली. संबंधही काही प्रमाणात कमी झाले असतील. पण त्या घटीला कोणी नीतिमत्तेचा पुनर्जन्म म्हणू धजणार नाही.

खरे प्रमाण काढायचे, तर दवाखान्यात आलेल्यांना नव्हे, न आलेल्यांनाही विचारावे लागते. ब्रिटनच्या राष्ट्रीय लैंगिक सर्वेक्षणाने ते केले. यदृच्छया निवडलेल्या लोकांच्या लघवीचे नमुने तपासले. १९९९ ते २००१ च्या फेरीत १८ ते ४४ वयोगटातील २.२ टक्के पुरुषांत आणि १.५ टक्के स्त्रियांत संसर्ग आढळला. २०१० ते २०१२ च्या फेरीत, १६ ते ४४ वयोगटात, हे आकडे १.१ आणि १.५ टक्के होते. लैंगिक अनुभव असलेल्या १६ ते २४ वयाच्या तरुणांत २.३ आणि तरुणींत ३.१ टक्के. वयोगट वेगळे असल्याने यांवरून चढउताराचा निष्कर्ष काढणेही घाईचे ठरेल. पण महापूर म्हणावा असे यात काही नाही, आणि दुर्लक्ष करावे असेही नाही.

दुसरे चुकीचे वाचन आपल्या वर्गांतले आहे. फुकोचे चार परिच्छेद वाचून आपण शिकलो, की लोकसंख्येच्या शरीरांची मोजदाद म्हणजे सत्तेची पाळत. मांडणी चमकदार आहे, आणि अनेक ठिकाणी खरीही. पण याच सर्वेक्षणाचा इतिहास पाहा. १९८९ साली थॅचर सरकारने त्याला पैसा नाकारला. वेलकम ट्रस्ट या खासगी न्यासाने तो दिला, तेव्हा १९९०-९१ मध्ये जवळजवळ १९ हजार लोकांच्या मुलाखती झाल्या. इथे सत्तेला मोजायचे नव्हते. न मोजणे हीसुद्धा सत्तेची कृती असते, आणि तिचा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही. २०२१ साली इंग्लंडच्या कार्यक्रमाने उपचारांअभावी होणारी हानी टाळण्यावर भर दिला आणि विशेष दवाखान्यांबाहेर स्वतःहून तपासणी सुचवायची ती तरुण स्त्रियांनाच, असे ठरवले. कारण हानी मुख्यतः त्यांची होते. या निर्णयावर वाद घालता येईल. मात्र तो घालायलाही मोजणीच हाताशी लागते.

मोजण्याने भीती वाढतेच, असेही नाही. आपल्याकडे २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात एचआयव्हीसाठी रक्त तपासले गेले आणि २००७ साली देशातील बाधितांचा अंदाज निम्म्याहून खाली, सुमारे २५ लाखांवर आला. इतर लैंगिक आजारांबाबत मात्र हे सर्वेक्षण लोकांनी स्वतः सांगितलेल्या आजारावर आणि लक्षणांवर विसंबते. ज्या रोगाला बहुधा लक्षणच नसते, तो अशा प्रश्नाच्या जाळ्यात सापडणार कसा?

पाठ्यातल्या मौनाचा अर्थ लावणे हे आपल्याला शिकवले जाते आणि आपण ते शिकवतो. मग तक्त्यातल्या मौनापुढे आपण गप्प का? ‘गुप्तरोग’ हा शब्द खुशाल वापरावा. पण तो गुप्त कोणापासून राहिला आणि कोणाच्या सोयीसाठी, एवढे विचारायला आपल्याला संख्याशास्त्राच्या पदवीची गरज नाही.