पांढरे केस म्हणजे म्हातारपण नव्हे

मोबाईलवरच्या इमोजींमध्ये पांढऱ्या केसांचा एक चेहरा आहे. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आपण तो सर्रास वापरतो. दादाजान हजहून परतले की त्यांच्या फोटोखाली तो येतो आणि अम्मीला एखादा मेसेज उलगडला नाही की तिच्या उत्तराखालीही तोच येतो. पहिल्या वेळी त्यात माया असते, दुसऱ्या वेळी टिंगल. चित्र एकच असल्यामुळे ही टिंगल कोणाच्या लक्षातही येत नाही. ज्याची होते त्याला मात्र ती बरोबर कळते.

इमोजींची यादी युनिकोड कन्सोर्शियम ही संस्था ठरवते. वृद्ध पुरुष आणि वृद्ध स्त्री हे इमोजी २०१० पासून या यादीत आहेत. पुरुष की स्त्री हे न दाखवणारी ज्येष्ठ व्यक्ती २०१७ मध्ये आली. पांढरे केस २०१८ मध्ये आले, पण ते वयाच्या नव्हे, केसांच्या खात्यात. लाल केस, कुरळे केस, टक्कल आणि पांढरे केस असे चार प्रकार तेव्हा एकत्रच दाखल झाले. आधी ते पुरुष आणि स्त्रीच्या चेहऱ्याला जोडले गेले, २०१९ मध्ये पुरुष की स्त्री हे न दाखवणाऱ्या चेहऱ्यालाही. म्हणजे हा इमोजी ‘माझे केस पांढरे आहेत’ एवढेच सांगतो. बहुतेक फोनवर त्या चेहऱ्यावर सुरकुत्याही नसतात.

हा फरक किरकोळ नाही. आपल्यात कितीतरी मुलामुलींचे केस पंचविशीतच पिकू लागतात. रिश्त्याची बोलणी चालू असलेल्या मुलीच्या फोटोखाली चुलतभावाने गमतीने हा चेहरा टाकला तर बाकीचे हसतात. ती मुलगी मात्र दुसऱ्या दिवशी ग्रुपवर फोटो टाकायचे बंद करते. उलट आपल्या कितीतरी दादी-नानी केसांना मेंदी लावतात. केसांचाच हिशेब लावायचा तर त्यांच्या वाट्याला लाल केसांचा इमोजी यायला हवा! आणि ज्या नानींचे डोके सदैव ओढणीखाली असते, त्यांचे केस पांढरे की काळे, हे घराबाहेरच्या कोणाला ठाऊक असणार?

ओढणीवरून आठवण होते ती हिजाबच्या इमोजीची. बर्लिनमध्ये राहणारी रायूफ अल्हुमैदी ही पंधरा वर्षांची सौदी मुलगी मैत्रिणींचा ग्रुप तयार करत होती. प्रत्येकीसाठी इमोजी सापडला, हिजाब घालणाऱ्या रायूफसाठी सापडेना. २०१६ मध्ये तिने प्रस्ताव पाठवला आणि २०१७ मध्ये तो इमोजी आला. तिला सांगायचे होते, ‘ही मी आहे.’ माणसांच्या इमोजींचे खरे काम हेच आहे. पांढऱ्या केसांचा चेहराही ज्याचे केस पांढरे आहेत त्याने आपल्यासाठी निवडला तर शोभतो. चाचाजान स्वतःच्या नावापुढे तो हौसेने लावतात तेव्हा त्यात ऐट असते. तोच आपण त्यांच्यावर चिकटवला की शिक्का होतो.

आणखी एक बाब. हा इमोजी माणूस आणि पांढरे केस अशा दोन चिन्हांची जोडणी आहे. जुन्या फोनला ही जोडणी कळत नाही. मग पडद्यावर एक चेहरा आणि शेजारी सुटे केस किंवा रिकामी चौकट दिसते. आपल्या घरांत जुना हँडसेट बहुधा बुजुर्गांच्याच हाती जातो. म्हणजे आपण कौतुकाने पाठवलेले चित्र ज्यांच्यासाठी पाठवले त्यांनाच मोडके दिसण्याची शक्यता असते.

तेव्हा साधा नियम ठेवू या. वयाबद्दलच बोलायचे असेल तर ज्येष्ठ व्यक्तीचा वेगळा इमोजी आहेच. कोणी चुकले, अडखळले, तर तिथे केसांचे चित्र नको, समजावणारे दोन शब्द लिहू या. आणि घरातल्या मोठ्यांसाठी कोणता चेहरा वापरायचा, हे त्यांच्याशेजारी बसून, मोबाईल त्यांच्या हातात देऊन त्यांनाच विचारू या. कदाचित दादी सगळे चेहरे न्याहाळून गुलाबाच्या फुलावर बोट ठेवतील. मग त्यांना गुलाबच पाठवायचा.